पंधरा आणि पन्नास यांमधील अंतर

परोपकारासाठी द्रव्य देणे आपल्या समाजाला नवे नाही. घाट, धर्मशाळा, पाणपोया, विद्यार्थ्यांची वसतिगृहे यांच्या भिंतींवरील दात्यांच्या नावांच्या फरशा याची साक्ष देतात. परंतु परोपकारासाठी धावणे हा प्रकार आपल्या वडीलधाऱ्या मंडळींना अद्यापि काहीसा विनोदी वाटतो. एखाद्या रविवारी पहाटे बँकेतील, विमा कचेरीतील किंवा कारखान्यातील पंधरावीस माणसे एकसारखे सदरे घालून, छातीवर क्रमांकाचे कागद टाचून रस्त्याने धावताना दिसली, की चहाच्या दुकानापाशी हमखास शेरा ऐकू येतो, "पैसेच द्यायचे तर मुकाट्याने द्यावेत, त्यासाठी हा घाम कशाला?"

प्रश्न थट्टेत विचारला गेला तरी तो रास्त आहे, आणि रास्त प्रश्नाला उत्तर मिळालेच पाहिजे. धावण्याने रोग बरा होत नाही आणि प्रयोगशाळेत भिंगाखाली पाहणाऱ्या संशोधकाला कोण किती वेगाने धावले याच्याशी कर्तव्य नसते. मग वैद्यकीय संशोधनाच्या मदतीसाठी जगभर लाखो लोक दरवर्षी का धावतात? आणि त्यांत एकेकट्या माणसांइतकेच कचेऱ्यांचे आणि कारखान्यांचे संघ का असतात? याचे उत्तर शोधावयाचे तर कॅनडातील एका विद्यार्थ्याची हकीकत आधी सांगितली पाहिजे.

एका पायाचा धावपटू

टेरी फॉक्स याचा जन्म २८ जुलै १९५८ रोजी कॅनडातील विनिपेग शहरी झाला आणि तो वाढला पश्चिम किनाऱ्यावरील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात. अंगाने लहानखुरा, पण बास्केटबॉलचे विलक्षण वेड. आरंभी संघात असूनही त्याचा बहुतेक वेळ बाकावर बसण्यात जाई. तरीही तो नेमाने सरावाला येत राहिला आणि शाळा संपेपर्यंत त्याने संघात आपले स्थान मिळविले. शिक्षकाच्या पेशात ज्यांचे आयुष्य गेले, त्यांना असा विद्यार्थी ओळखीचा वाटेल. त्याच्या ठायी असामान्य गुण दिसत नाहीत, पण हाती घेतलेले सोडणे त्याला ठाऊक नसते.

महाविद्यालयात शिकत असता त्याचा उजवा गुडघा दुखू लागला. मार्च १९७७ मध्ये निदान झाले, की गुडघ्याजवळच्या हाडाला कर्करोग झाला आहे. त्या काळच्या रीतीप्रमाणे पाय गुडघ्याच्या वर कापावा लागला. त्या वेळी तो अठरा वर्षांचा होता.

डॉक्टरांनी त्याला सांगितले, की शस्त्रक्रियेनंतर औषधांचा उपचार घेतल्यास जगण्याची शक्यता शेकडा ५० आहे. तसेच, दोनच वर्षांपूर्वी हा आकडा शेकडा १५ होता, हेही त्याला कळले. हा फरक टेरीच्या मनात खोल रुजला. रोग तोच, वय तेच, वेदना त्याच. तथापि शंभरांपैकी पंधरांच्या ऐवजी आता पन्नास रुग्ण वाचण्याची आशा होती. ही जास्तीची पस्तीस माणसे कोणी वाचविली? ती वाचविली कोठल्या तरी प्रयोगशाळांत वर्षानुवर्षे खपणाऱ्या संशोधकांनी, आणि त्या प्रयोगशाळा चालाव्यात म्हणून ज्यांनी पैसा दिला त्या अनोळखी लोकांनी. आपण ज्या पस्तिसांत असू शकतो, त्या पस्तिसांचे ऋण आपल्यावर आहे, अशी त्याची धारणा झाली. सुमारे सोळा महिने औषधोपचार घेत असता रुग्णालयात त्याने कोवळ्या वयाची मुले तडफडताना पाहिली. तेथून बाहेर पडताना आपण त्यांच्यासाठी काही केलेच पाहिजे, हा निश्चय त्याने केला.

शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री त्याच्या बास्केटबॉल शिक्षकाने त्याला एक लेख वाचावयास दिला होता. एक पाय नसताना न्यूयॉर्कची मॅरेथॉन पूर्ण करणाऱ्या डिक ट्रॉम या गृहस्थाची ती हकीकत होती. त्या लेखाचे बीज पुढे अंकुरले. कॅनडा देश या समुद्रापासून त्या समुद्रापर्यंत धावत ओलांडावयाचा आणि कर्करोगाच्या संशोधनासाठी निधी जमवावयाचा, असे टेरीने ठरविले. वर्षाहून अधिक काळ त्याने सराव केला. त्या काळचे कृत्रिम पाय चालण्यासाठी केलेले असत, धावण्यासाठी नव्हे. त्यामुळे त्याला धड पायावर दोनदा उडी घ्यावी लागे आणि मग कृत्रिम पाय पुढे टाकावा लागे. त्याचे हे लंगडत धावणे पुढे साऱ्या देशाच्या ओळखीचे झाले.

१२ एप्रिल १९८० रोजी पूर्व टोकाच्या सेंट जॉन्स येथे अटलांटिक महासागरात पाय बुडवून त्याने प्रारंभ केला. सोबत त्याचा मित्र डग अल्वर्ड गाडी घेऊन होता. पुढे धाकटा भाऊही येऊन मिळाला. रोज सुमारे ४२ किलोमीटर, म्हणजे जवळजवळ एक पूर्ण मॅरेथॉन, असा त्याचा क्रम होता. आरंभीचे दिवस निराशेचे गेले. थंडी, वारा, पाऊस आणि रस्त्यावर त्याला ओळखणारे कोणी नाही. परंतु न्यू फाउंडलंड बेटावरील पोर्ट ओ बास्क या सुमारे दहा हजार वस्तीच्या गावाने दहा हजार डॉलरांहून अधिक रक्कम त्याच्या हाती ठेवली. माणशी एक डॉलर! आरंभी दहा लाख डॉलरांची आशा धरणाऱ्या टेरीने पुढे आपला संकल्प बदलला तो याच हिशेबाने. देशाची लोकसंख्या तेव्हा सुमारे २ कोटी ४० लाख होती. प्रत्येकाने फक्त एक डॉलर द्यावा, एवढेच त्याचे मागणे होते.

धाव १४३ दिवस चालली. ५३७३ किलोमीटर अंतर कापले गेले. काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंतच्या हमरस्त्याहूनही हे अंतर अधिक भरते. १ सप्टेंबर १९८० रोजी ऑन्टारिओ प्रांतातील थंडर बे या शहराजवळ छातीत असह्य कळ येऊन तो थांबला. रोग फुप्फुसांत पसरला होता. पॅसिफिक महासागर त्याला दिसला नाही. परंतु फेब्रुवारी १९८१ पर्यंत जमलेला निधी २ कोटी ४१ लाख ७० हजार डॉलरांवर गेला होता. माणशी एक डॉलरचा संकल्प त्याच्या डोळ्यांदेखत पुरा झाला. २८ जून १९८१ रोजी, तेविसावा वाढदिवस एका महिन्यावर आला असता, त्याचे निधन झाले.

एका व्यवसायगृहाची तार

येथवरची कथा एका वीराची झाली. वीराच्या कथेचा एक धोका असा, की ती ऐकून आपण डोळे पुसतो आणि आपल्या कामाला लागतो. ही कथा तशी संपली नाही, याचे पुष्कळसे श्रेय एका व्यवसायगृहाला द्यावे लागेल.

टोरांटो येथील फोर सीझन्स या हॉटेल कंपनीचे संस्थापक इसाडोर शार्प यांचा कुमारवयीन मुलगा १९७८ साली त्वचेच्या कर्करोगाने गेला होता. टेरीची हकीकत कळताच त्यांनी आपल्या कंपनीतर्फे त्याच्या प्रत्येक मैलामागे दोन डॉलर देण्याचे जाहीर केले, आणि इतर कंपन्यांनीही तसेच करावे असे आवाहन केले. सुमारे एक हजार कंपन्यांनी त्यांस प्रतिसाद दिला. टेरी थंडर बेजवळ थांबल्याचे वृत्त आल्यावर शार्प यांनी त्याला तार पाठविली. तुझी धाव आम्ही थांबू देणार नाही, तुझ्या नावाने दरवर्षी निधीसाठी धाव भरवू, असा तिचा आशय होता.

शब्द पाळला गेला. १३ सप्टेंबर १९८१ रोजी पहिली 'टेरी फॉक्स धाव' कॅनडात सातशेहून अधिक ठिकाणी झाली. तीन लाख लोक तीत सहभागी झाले आणि ३५ लाख डॉलर जमले. तेव्हापासून दरवर्षी सप्टेंबरमध्ये ती होते. पुढे ती कॅनडाबाहेरही गेली. आपल्याकडे मुंबईत आणि चेन्नईच्या आय. आय. टी.च्या परिसरातही ती झाली आहे. या धावांतून आजवर संशोधनासाठी जमलेली रक्कम ८५ कोटी डॉलरांहून अधिक आहे.

या धावेचे नियम मात्र लक्षपूर्वक पाहण्याजोगे आहेत. त्यांत कोणी पहिला येत नाही. पदक नाही, करंडक नाही. धावावे, चालावे, चाकांच्या खुर्चीतून यावे, तान्ह्या मुलाला ढकलगाडीत घालून न्यावे, सर्व सारखेच. जाहिरातीच्या मोबदल्यात पैसा देऊ पाहणाऱ्यांना टेरीने आपल्या हयातीतच नकार दिला होता. बूट, गाडी, इंधन यांची मदत त्याने कंपन्यांकडून घेतली. परंतु आपल्या धावेचा उपयोग कोणाचा माल खपविण्यासाठी त्याने होऊ दिला नाही. तोच दंडक त्याच्या कुटुंबाने पुढे चालविला. आपल्या वाचकांना हे सारे परके वाटू नये. पंढरीच्या वारीत पहिला कोण पोहोचला, असे कोणी विचारीत नाही. दिंडीतील म्हातारा मागे पडला तर दिंडीच त्याच्यासाठी थांबते.

टोरांटोहून आलेले पत्र

माझा एक जुना विद्यार्थी टोरांटोतील एका विमा कचेरीत नोकरीस आहे. गतवर्षी त्याच्या विभागातील बारा जणांचा संघ या धावेत उतरला. त्याने पत्रातून कळविलेली हकीकत मी येथे थोडक्यात देतो. कारण कचेरीचा संघ म्हणजे नेमके काय, हे तीवरून स्पष्ट होईल.

संघाची प्रमुख हिशेब विभागातील एक प्रौढ बाई होती. प्रत्येकाने एक कागद घ्यावयाचा आणि आपल्या परिचितांकडून त्यावर नाव व रक्कम लिहून घ्यावयाची. संघाने जेवढे जमवावे तेवढीच भर कंपनीने घालावी, असे ठरले होते. आमच्या या विद्यार्थ्याला मागण्याचा संकोच. तो लिहितो, "सर, शाळेत असताना गणेशोत्सवाची वर्गणी मागायला गेलो की मी मित्रांच्या मागे उभा राहत असे, हे आपल्याला आठवत असेल." शेवटी त्याच्या पत्नीने तो कागद उचलला आणि तेथील मराठी मंडळींच्या गणेशोत्सवात नेला. सप्टेंबरचेच दिवस होते. आरतीनंतर प्रसादाच्या ओळीत उभ्या असलेल्यांपैकी कोणी पाच डॉलर दिले, कोणी वीस. एका आजीबाईंनी कमरेची पिशवी सोडून दोन डॉलरचे नाणे काढले आणि "माझ्या भावजयीच्या नावाने लिही," एवढेच सांगितले.

धावेच्या दिवशी सकाळी संघ एका बागेत जमला. पाच किलोमीटरांचा मार्ग. ठिकठिकाणी पाणी देणारे स्वयंसेवक. या धावेत एक प्रथा अशी आहे, की ज्यांना स्वतःला कर्करोग झाला आणि जे त्यातून वाचले, ते लाल सदरा घालून येतात. बारांपैकी अकरा जण पोहोचले होते. बाराव्याची वाट पाहणे चालू होते. तो आला तो लाल सदरा घालून.

"आठ वर्षे आमची मेजे शेजारी शेजारी आहेत," असे माझा विद्यार्थी लिहितो. "आम्ही रोज एकत्र डबा खातो. त्याच्या मुलीची परीक्षा, त्याच्या घराचे हप्ते, सारे मला ठाऊक. हे मात्र ठाऊक नव्हते. कोणीच काही बोलले नाही. त्या बाईंनी त्याच्या हातात हात घातला आणि आम्ही चालू लागलो. सर, आमच्यापैकी कोणी धावले नाही. त्याला जमेल त्या वेगाने सगळे चालले."

चहाच्या दुकानापाशी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाचे निम्मे उत्तर मला या पत्रात मिळाले. मुकाट्याने धनादेश दिला असता तर रक्कम कदाचित तेवढीच भरली असती. पण शेजारच्या मेजावरील लाल सदरा कोणाला दिसला नसता. हा रोग शरीराइतकाच मौनावरही पोसतो. आपल्या घरांतून आजही त्याचे नाव घेतले जात नाही. "मोठे दुखणे" म्हणावयाचे, आवाज खाली करावयाचा, मुलीच्या लग्नाच्या बोलण्यांत अडथळा नको म्हणून दडवावयाचे. या दडवण्यात निदानाचे मोलाचे महिने निघून जातात. जी माणसे दिवसाचे आठ तास एका छताखाली काढतात, ती एकत्र येऊन उघड्या रस्त्याने या रोगाचे नाव घेत चालू लागली, तर ते मौन मोडण्यास मदत होते.

पैसा कोठे जातो

उत्तराचा उरलेला अर्धा भाग पैशाचा आहे. संशोधनाला दिलेला पैसा लगेच फळ देत नाही, हे देणाऱ्याने प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. रुग्णाला दिलेल्या मदतीची फलनिष्पत्ती डोळ्यांना दिसते. संशोधनाचे तसे नाही. तेथे पैसा जातो तो तरुण संशोधकांच्या वेतनात, पेशी वाढविण्याच्या उपकरणांत, रुग्णांच्या ऊतींचे नमुने वर्षानुवर्षे जतन करण्यात आणि नव्या औषधाची टप्प्याटप्प्याने पारख करण्यात. त्यांतील पुष्कळसे प्रयत्न विफल होतात, आणि ही वाट चुकीची आहे हे सिद्ध करण्यासाठीही पैसा लागतोच.

हाडाच्या याच कर्करोगाचे उदाहरण घ्या. त्यावर वापरल्या जाणाऱ्या मेथोट्रेक्सेट या औषधाचा उगम १९४० च्या दशकातील आहे. अमेरिकेतील ज्या लेडर्ले प्रयोगशाळेत ते तयार झाले, तेथील संशोधनाचे नेतृत्व आंध्रातील भीमवरम येथे जन्मलेले डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव करीत होते. त्या कुळातील औषधे प्रथम बालकांच्या रक्ताच्या कर्करोगावर वापरली गेली. हाडाच्या कर्करोगावर मोठ्या मात्रेत त्यांचा उपयोग करण्याचे प्रयत्न बॉस्टनच्या डॉक्टरांनी केले ते १९७० च्या दशकात. म्हणजे मधे सुमारे पाव शतक गेले. १९४८ साली निवर्तलेल्या सुब्बारावांना या रुग्णांपैकी एकाचेही तोंड दिसणे शक्य नव्हते. शेकडा १५ चे ५० झाले, त्यामागे असा दीर्घ प्रवास होता.

आपल्या मराठी माणसांचाही या प्रवासात वाटा आहे. मुंबईस परळ येथे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. तेथील डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी भारतातील मुखाच्या कर्करोगाचा तंबाखूच्या सवयींशी असलेला संबंध अभ्यासिला. १९५२ साली स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे ते पहिले संचालक होते. पुण्याच्या हुजूरपागेतून शिकलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी याच केंद्रात पेशी शरीराबाहेर वाढविण्याची प्रयोगशाळा उभारली. आपल्या देशातील ती पहिली होय. त्यांना १९८२ साली पद्मभूषण मिळाले. कर्करोगावरील संशोधन म्हणजे दूरदेशीच्या श्रीमंतांचा उद्योग, हा समज या दोन नावांपुढे टिकत नाही.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. हाडाच्या या कर्करोगात, रोग इतरत्र पसरण्यापूर्वी उपचार मिळाल्यास, आज शंभरांपैकी साधारण साठ ते सत्तर रुग्ण वाचतात. परंतु हा आकडा १९८० च्या दशकापासून फारसा पुढे सरकलेला नाही. पसरलेल्या रोगात तर तो पुष्कळच कमी आहे. दुसरीकडे, पूर्वी बहुतेकांचा पाय जाई. आता योग्य रुग्णालयात बहुतेकांचा पाय राखता येतो. रोगट हाड काढून तेथे धातूचा सांधा बसवितात. म्हणजे एका अंगाने पुष्कळ साधले आणि एका अंगाने काम अडलेलेच आहे. म्हणूनच दरवर्षीच्या धावेला अर्थ आहे. एकदाच मिळालेल्या मोठ्या देणगीने इमारत उभी राहते. संशोधनाला मात्र पुढल्या वर्षीही पैसा येईल ही खात्री हवी असते.

एका विद्यार्थ्याचा गुडघा

हे आकडे माझ्यापुरते नुसते आकडे राहिले नाहीत, याचेही कारण सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेच्या खो-खोच्या संघात नववीतला एक चपळ मुलगा होता. पावसाळ्यात त्याचा गुडघा दुखू लागला. खेळताना मुरगळला असेल म्हणून घरच्यांनी एका हाडवैद्याकडे नेले. त्याने तीन महिने तेल लावून चोळले. दिवाळीपर्यंत सूज नारळाएवढी झाली. मग क्ष-किरण चित्र निघाले, तुकडा काढून तपासणी झाली, आणि टेरीला झालेल्या रोगाचेच नाव कागदावर आले.

इंदूरहून अवंतिका एक्सप्रेसने मायलेक मुंबईस गेले. दादर येथील गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत, जेथे दूरगावचे कर्करोगाचे रुग्ण उतरतात, त्यांचे जवळजवळ वर्ष गेले. आधी औषधे, मग शस्त्रक्रिया, मग पुन्हा औषधे. शाळेतील शिक्षकांनी पगारातून वर्गणी काढून पाठविली. मी भेटावयास गेलो तेव्हा त्याच्या डोक्यावर केस नव्हते, भुवयाही गळाल्या होत्या. त्याने विचारले, "सर, माझी जागा संघात कोणाला दिली?" मी म्हणालो, "अजून कोणालाच नाही." ते पूर्ण सत्य नव्हते, पण मुख्याध्यापकाला कधीकधी असे बोलावे लागते.

त्याचा पाय राहिला. खो-खो पुन्हा खेळता आला नाही. पण एक वर्ष मागे पडून तो मॅट्रिक झाला, पदवीधर झाला, आणि आज याच शहरात नोकरी करतो. किंचित लंगडतो, एवढेच. त्याच धर्मशाळेत शेजारच्या खोलीत विदर्भातील एक मुलगी होती. रोग तोच, वय जवळजवळ तेच. तिचा रोग आरंभीच फुप्फुसांत गेलेला होता. ती घरी परतली नाही. त्या मुलाची आई आजही तिच्या आईला संक्रांतीला पत्र लिहिते. या दोन आयांमधील अंतर कमी करावयाचे असेल तर केवळ धर्मशाळा पुरेशी नाही. धर्मशाळा हवीच, पण प्रयोगशाळाही हवी.

आपल्या कचेऱ्यांतून

माणशी एक डॉलर ही टेरीची कल्पना वाचताना मला आपल्या पैसा फंडाची आठवण झाली. विसाव्या शतकाच्या आरंभी अंताजी दामोदर काळे या गृहस्थांनी प्रत्येकाकडून वर्षाला एक पैसा गोळा करावयाचा आणि त्यातून देशी उद्योग उभे करावयाचे, हे व्रत घेतले. लोकमान्यांनी त्यांस पाठिंबा दिला. त्या पैशापैशातून १९०८ साली तळेगावचा काच कारखाना उभा राहिला. एक पैसा देणारा मनुष्य त्या कारखान्याचा मालक झाला नाही. पण कारखाना आपला आहे असे त्याला वाटले. लहान रक्कम, पुष्कळ माणसे आणि दरवर्षीचा नेम हे तिन्ही गुण पैसा फंडात होते, आणि तेच या धावेत आहेत.

आता आपल्या शहरांतूनही अशा धावा होऊ लागल्या आहेत. मुंबईची मोठी मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली, आणि तिच्यात कंपन्यांचे संघ निरनिराळ्या सेवासंस्थांसाठी निधी जमवीत धावतात. इंदूर, बडोदे, बेळगाव, हैदराबाद येथील आपल्या वाचकांपैकी अनेकजण अशा कचेऱ्यांत काम करीत असतील. त्यांच्यासाठी काही सूचना कराव्याशा वाटतात.

पहिली सूचना अशी, की धाव ठरविण्यापूर्वी पैसा कोणाला जाणार हे ठरवावे. रुग्णसाहाय्य आणि संशोधन ही दोन वेगळी कामे आहेत, दोन्ही चांगली. पण संशोधनासाठी म्हणून मागितलेला पैसा संशोधनालाच गेला पाहिजे. संस्थेची नोंदणी, मागील वर्षाचा हिशेब आणि रीतसर पावती यांची चौकशी करण्यात संकोच नसावा.

दुसरी, वर्गणी ऐच्छिक असावी. साहेबांनी यादी फिरवावी आणि शिपायाने नाइलाजाने सही करावी, हे दान नव्हे. दहा रुपयांची नोंद दहा हजारांच्या नोंदीइतक्याच अक्षरात व्हावी.

तिसरी, खर्च आटोपशीर ठेवावा. सदरे, फलक, प्रमुख पाहुणे आणि छायाचित्रकार यांवरच जमलेल्यापेक्षा अधिक रक्कम उडाली, अशी उदाहरणे ऐकिवात येतात. कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाच्या खर्चासंबंधी केंद्र सरकारने जून २०१४ मध्ये काढलेल्या परिपत्रकात, मॅरेथॉनसारख्या एक वेळच्या कार्यक्रमावरील खर्च त्या दायित्वात धरता येणार नाही, असे म्हटले होते. त्यामागील विचार योग्यच होता. एका सकाळच्या शोभेने कोणतेही दायित्व फिटत नाही.

चौथी, धावण्याचा हट्ट धरू नये. खुर्चीत बसून पन्नाशी गाठलेल्यांनी डॉक्टरांचा सल्ला घेतल्यावाचून एकदम धावू नये. दोनतीन महिने आधीपासून सकाळी चालण्याचा नेम ठेवावा, आणि त्या दिवशी चालावे. संघातील सर्वांत हळू चालणाऱ्याचा वेग तोच संघाचा वेग.

पाचवी आणि सर्वांत महत्त्वाची: पुढल्या वर्षी त्याच महिन्यात पुन्हा यावे. उत्साहाने एकदा पन्नास जण आले आणि पुन्हा कोणी फिरकले नाही, यापेक्षा आठ जण दहा वर्षे आले तर ते अधिक मोलाचे.

सरकारी शाळा ही देखील एक कचेरीच आहे. आमच्या शिक्षकवर्गात मी हा विषय काढला आहे. मंडळी धावण्याविषयी साशंक असली तरी चालण्यास तयार आहेत. आमच्या हजेरीपटावर बावीस नावे आहेत. त्यांपैकी किती जण येतात ते पाहावयाचे. इतर गावच्या वाचकांपैकी कोणाच्या कचेरीत असा संघ असेल, त्यांनी किती जण होते, किती जमले आणि ती रक्कम कोणत्या संस्थेस दिली, हे या मासिकाकडे कळवावे. पुढल्या वर्षी या पृष्ठांवर अशा पाचदहा संघांची हकीकत एकत्र छापता आली, तर नव्याने आरंभ करू इच्छिणाऱ्यांना तिचा निश्चित उपयोग होईल.